दार उघडं, पण कपाट कुणाचं?

ऑफिसच्या पोर्टलवर पगाराची स्लिप उघडली की ब्राउझरच्या पत्त्यात शेवटी एक क्रमांक असतो. समजा, 214. तो खोडून 215 केला आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाचा पगार, पीएफ, बँक खातं समोर आलं तर? ना पासवर्ड फोडला, ना व्हायरस सोडला. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ‘ओवॅस्प’ या संस्थेच्या 2021च्या यादीत परवानगी तपासण्यातल्या अशा चुका पाचव्या क्रमांकावरून थेट पहिल्यावर आल्या.

सर्व्हरवरचं प्रत्येक काम, म्हणजे बिल काढणं किंवा रजा मंजूर करणं, ही एक मेथड असते. यातल्या कुठल्या मेथडला बाहेरून हाक मारता येईल, हे फ्रेमवर्क, म्हणजे ज्या तयार सांगाड्यावर सॉफ्टवेअर उभारतात तो, ठरवतं. ‘झोप’ (Zope) या जुन्या पायथन फ्रेमवर्कमध्ये वर्णनाची ओळ जोडलेली मेथडच वेबवर येऊ शके. बाकीच्या तपासण्या होत्या, तरी मला ही खूण चुकीची वाटते. माणूस वर्णन लिहितो ते सहकाऱ्याला कळावं म्हणून, दार उघडावं म्हणून नव्हे.

मुंबईत घडलेल्या फ्रॅपे या फ्रेमवर्कनं, ज्यावर ईआरपीनेक्स्ट हे कंपन्यांचे व्यवहार सांभाळणारं सॉफ्टवेअर उभं आहे, खूण स्पष्ट ठेवली. मेथडच्या डोक्यावर ‘व्हाइटलिस्ट’ लिहिल्याशिवाय ती बाहेरून चालत नाही. लॉगिन न केलेल्यालाही ती वापरू द्यायची तर ‘अलाउ गेस्ट’ वेगळं लिहावं लागतं. मुळात सगळं बंद, हवं तेवढंच उघडं: सॉल्ट्झर आणि श्रोडर यांनी 1975मध्ये हेच तत्त्व मांडलं होतं.

पण घोळ होतो तो पुढे. व्हाइटलिस्ट फक्त दार उघडते, आतलं कुठलं कपाट कुणाचं हे ती पाहत नाही. फ्रॅपेत नोंदींची यादी ‘गेट लिस्ट’नं मागवली तर त्या माणसाचे हक्क तपासले जातात, ‘गेट ऑल’नं मागवली तर तपासणी वगळली जाते. फरक एका शब्दाचा. घाईत लिहिणाऱ्याच्या स्क्रीनवर मात्र दोन्ही सारखेच चालतात, कारण तो स्वतः ॲडमिन म्हणून आत बसलेला असतो!

म्हणून कोड तपासताना मी आधी सर्वांत कमी हक्कांचं खातं उघडते, एखाद्या नव्या कारकुनाचं. त्या खात्यातून दुसऱ्याच्या स्लिपचा क्रमांक टाकते. उत्तर 403, म्हणजे ‘परवानगी नाही’, असं आलं तरच पुढची मेथड बघायला घेते.