‘नाही नाही, तुम्ही बोला’

ऑनलाइन मीटिंगमध्ये कसं वागावं याच्या सूचना आता सगळ्यांना पाठ झाल्या आहेत: कॅमेरा चालू, माइक बंद, मागे वाळत घातलेले कपडे दिसता कामा नयेत. त्या पाळूनही मीटिंगचा विचका होतो, कारण अडचण वेगळीच असते. दोघं एकदम बोलायला लागतात, दोघंही थांबतात, ‘नाही नाही, तुम्ही बोला’ सुरू होतं आणि तेवढ्यात तिसराच कुणी, बहुधा साहेब, बोलून मोकळा होतो. यात उद्धटपणा कुणाचाच नसतो. समोरासमोर बोलताना एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यातली फट फार बारीक असते. २००९ साली दहा भाषांमधली प्रश्नोत्तरं तपासली गेली, तेव्हा ती सरासरी सेकंदाच्या पाचव्या हिश्शाइतकी निघाली. इंटरनेटवरून आवाज जाऊन-येऊन होईपर्यंत एवढा वेळ सहज निघून जातो. शिवाय प्रतिध्वनी दाबणारं सॉफ्टवेअर दोघं एकदम बोलले की एकाचा आवाज बऱ्याचदा गिळतं. सगळे म्यूटवर असल्याने ‘हं’, ‘बरोबर’, ‘अच्छा’ हेही ऐकू येत नाही, मग बोलणारा तेच तेच पुन्हा समजावत राहतो.

गंमत अशी की दोष यंत्राचा असला तरी बोल माणसाला लागतो. बर्लिनमधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं, की आवाज उशिरा पोचला की ऐकणाऱ्याला समोरचा माणूसच कमी लक्ष देणारा वाटतो. म्हणून दूरस्थ बैठकीतलं पहिलं सौजन्य म्हणजे पाळी वाटून देणं, आणि ते काम बैठक चालवणाऱ्याचं. आपल्याकडच्या कायद्याने हे केव्हाच ओळखलं आहे. कंपनी कायद्याखालच्या २०१४ च्या नियमांनुसार संचालक मंडळाची बैठक व्हिडिओवरून होत असेल, तर अध्यक्षाने सुरुवातीला हजेरी घ्यायची, प्रत्येकाने बोलण्याआधी आपलं नाव सांगायचं, आणि कुणाचं बोलणं तुटलं तर अध्यक्षाने किंवा कंपनी सेक्रेटरीने ते पुन्हा सांगायची विनंती करायची. नियमांची भाषा रुक्ष आहे, पण शिष्टाचाराच्या कित्येक पुस्तकांपेक्षा कामाची.

यावर आक्षेप येतो, की नाव घेऊन बोलवणं म्हणजे शाळा झाली. ज्याला बोलायचंय तो बोलेलच. हा युक्तिवाद बहुधा ज्यांना अडत नाही तेच करतात. ज्याचं नेट कच्चं आहे, जी मुलगी नोकरीत नवी आहे, जो फोनवरून गाडीतून जोडला गेलाय, त्यांची फट दर वेळी दुसराच भरतो. अर्थात अचानक ‘तुमचं काय मत?’ विचारून कुणाला उघडं पाडणं हाही आडमुठेपणाच. ‘आधी देशपांडेमॅडम, मग तुम्ही’ असं आगाऊ सांगितलं की तयारीला वेळ मिळतो. ‘कॅमेरा बंद म्हणजे अनादर’ हे तर मला मुळीच पटत नाही. सतत आपलाच चेहरा समोर दिसणं आणि सगळ्यांच्या नजरा जवळून अंगावर येणं दमवणारं असतं, हे स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेनसन यांनी २०२१ मध्ये मांडलं आहे. ओळख करून देताना, वाटाघाटी करताना चेहरा दिसावा. तासभर आकडे ऐकताना नसला तरी चालतो.

सगळ्यात जास्त अन्याय होतो तो अर्धी माणसं ऑफिसात आणि दोघं-तिघं पडद्यावर असतात तेव्हा. खोलीतले एकमेकांकडे बघून मान डोलावतात, कोपऱ्यात कुणी कुजबुजतं, निर्णय होऊन जातो आणि पडद्यावरचे अजून ‘आवाज येतोय का?’ विचारत असतात. अशा वेळी प्रत्येक विषयावर आधी पडद्यावरच्यांना बोलू द्यावं; खोलीतल्यांना मध्ये तोंड घालायला वाव असतोच.