न दिसलेल्या कणाचा माग हिग्ज बोसॉनवरून कसा काढतात?

बुलढाणा जिल्ह्यातलं लोणारचं विवर पाडणारी उल्का कुणी पाहिली नाही; मागे राहिलेल्या खुणांवरून ती ओळखली गेली. नव्या कणांचा शोधही असाच घेतात. त्यातली एक खूण म्हणजे हिग्ज बोसॉन किती बनतात, हा आकडा.

जिनिव्हाजवळच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये प्रोटॉनांच्या टकरी होतात. तिथे बहुतेक हिग्ज दोन ग्लुऑनांपासून बनतात. पण ग्लुऑन आणि हिग्ज यांचा थेट संबंध नाही. मुख्यतः टॉप क्वार्क क्षणभर मध्यस्थी करतो.

आता समजा, टॉपसारखेच पण त्याहून जड असे आणखी दोन क्वार्क आहेत. टकरीत ते स्वतः बनले नाहीत, तरी मध्यस्थी करतीलच. मग हिग्जचं उत्पादन तिप्पट होईल का? नाही, सुमारे नऊपट! कारण क्वांटम नियमानुसार आधी तिघांचा वाटा मिळवायचा आणि मग त्या बेरजेचा वर्ग करायचा.

प्रत्यक्षात काय दिसलं? हिग्जचा शोध ४ जुलै २०१२ रोजी जाहीर झाला. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था ज्यात सहभागी आहे, त्या सीएमएस प्रयोगाने २०२२ मध्ये एकत्रित मोजमाप मांडलं. ते प्रचलित सिद्धांताशी जुळलं; अनिश्चितता साधारण ६ टक्के. म्हणजे असे दोन जड क्वार्क बाद!

मात्र हिग्जशी कमी संबंध असलेला एखादा कण या ६ टक्क्यांत अजून दडलेला असू शकतो. म्हणूनच मोजणी आणखी काटेकोर करणं सुरू आहे.