आषाढीला निघताय? मोबाइलची तयारी घरीच करा



पेरणी आटोपली, कोळपणीला अजून अवकाश आहे, म्हणजे घरातली चार माणसं पंढरीला निघणार. आता बहुतेक घरांत नकाशा दाखवणारा एखादा तरी मोबाइल असतो. पण त्याची तयारी पंढरपुरात पोचल्यावर करू म्हटलं तर जमत नाही.

कारण असे. एका टॉवरवर एका वेळी ठरावीकच फोन चालतात. एकादशीला लाखो माणसं, तेवढेच फोन. एकाच पाटावर सगळ्यांनी एकदम दारे धरावे, तशी गत होते. फोन लागत नाही, नेटचे तर नावच नको. मात्र आपण कुठे उभे आहोत हे मोबाइलला उपग्रहावरून कळते, त्याला टॉवर लागत नाही. टॉवर लागतो तो नकाशा आणायला. म्हणून गूगल मॅप्समध्ये 'ऑफलाइन नकाशे' येथे जाऊन पंढरपूरचा भाग घरीच उतरवून घ्यावा. मग नेट नसले तरी आपला निळा ठिपका दिसतो. पायी जायची वाट तो सांगत नाही. पोलिसांनी यात्रेपुरता बंद केलेला रस्ताही त्याला ठाऊक नसतो. तिथे बंदोबस्तावरच्या माणसाचे ऐकावे.

खरी फजिती परतताना होते. एस.टी. यात्रेत तात्पुरती बसस्थानके उभारते. 2024 साली चंद्रभागा, भीमा, पांडुरंग व विठ्ठल कारखाना अशी चार होती, आणि जिल्ह्याप्रमाणे गाड्या वाटलेल्या होत्या. आपली गाडी कुठून सुटणार हे आगारात विचारून ती जागा नकाशात खूण करून ठेवावी. एस.टी.च्या ॲपवर परतीचे तिकीट काढले तर त्याचा फोटो फोनमध्ये असू द्यावा. गावातले 40 जण मिळून जाणार असतील तर ॲपच्या नादी न लागता आगारातच चौकशी करावी. 2024 साली अशा गटांना थेट गावातून गाडी मिळत होती. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे, ओळखपत्र तेवढे विसरू नये.

नेटवर्क शोधून शोधून बॅटरी उतरते. गरज नसेल तेव्हा फोन विमान मोडवर ठेवावा.

आणि आजीकडे कुठला आलाय मोबाइल? चुकामूक झाली तर कुठे भेटायचे ते आधी ठरवा, तिला ती जागा प्रत्यक्ष दाखवा, आणि दोघांचे नंबर लिहिलेली चिठ्ठी तिच्या कमरेच्या पिशवीत ठेवा.