आवाजाने चाचपलेला तळ

कोकण-गोव्याच्या पश्चिमेला, अरबी समुद्रातल्या लक्ष्मी खोऱ्यात, पाण्याखाली तीन डोंगर ओळीने उभे आहेत. रमण, पणिक्कर आणि वाडिया. तिन्ही हजार मीटरहून उंच, वाडियाचा माथा सपाट. ही नावं शास्त्रज्ञांची. रमण आणि भूवैज्ञानिक वाडिया आपल्याला ठाऊक असतात, एन. के. पणिक्कर हे 1966 साली स्थापन झालेल्या, गोव्यात दोनापावला इथे असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे पहिले संचालक. या डोंगरांची ओळख पटवण्यात 1983 साली जर्मनीत बांधलेल्या 'सागर कन्या' या जहाजाचा मोठा वाटा आहे.

तिच्यावरच्या 'हायड्रोस्वीप' या मल्टिबीम सोनारचे 59 किरण जहाजाखाली दोन्ही बाजूंना पंख्यासारखे पसरत. खोली जितकी, त्याच्या दुप्पट रुंदीचा पट्टा एका फेरीत मोजून व्हायचा. चार हजार मीटर पाण्यात आवाजाला तळाशी जाऊन परत यायला सव्वापाच सेकंद लागतात. वेळ मोजायची, वेगाने गुणायचं, निम्मं करायचं. इतकं सोपं.

पण तो वेग कुठला धरायचा? मला या सगळ्या यंत्रणेत सर्वांत भुरळ पडली ती याच प्रश्नाची. पुस्तकात सेकंदाला 1500 मीटर लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात पाणी एका अंशाने तापलं की वेग काही मीटरने वाढतो, खारटपणा घटला की उतरतो, खोल गेलं की दाबाने पुन्हा चढतो. शिवाय थर बदलला की तिरपा किरण वाकतो. मधला किरण सरळ खाली जातो, त्याचं फारसं बिघडत नाही. कडेचे किरण मात्र फसवतात. वेग चुकीचा भरला तर सपाट तळ पडद्यावर परातीसारखा दिसू शकतो, कडा वर उचललेल्या. म्हणून जहाज थांबवून विंचवरून ध्वनिवेग मोजणारं उपकरण खाली सोडतात. तार सुटत राहते, मीटरमागून मीटर वेग नोंदला जातो, आणि मगच पट्टा पुढे सरकतो. पडद्यासमोर बसलेल्याने कडा उचलल्या गेल्याचं वेळीच ओळखलं नाही, तर दिवसाचं काम वाया जाऊ शकतं. त्या नजरेबद्दल मला फार आदर वाटतो.

2017 मध्ये 'सीबेड 2030' हा जागतिक प्रकल्प जाहीर झाला तेव्हा जगाच्या समुद्रतळापैकी जेमतेम 6 टक्के भाग नीट मोजलेला होता. जून 2025 मध्ये हा आकडा 27.3 वर आला. उरलेलं काम 2030 पर्यंत कसं आटोपणार, हे मला दिसत नाही. उपग्रह खोलीचा अंदाज देतात, पण काही किलोमीटरपेक्षा लहान आकार त्यांच्या नजरेतून निसटतात. जहाज पाठवावंच लागतं, आणि जहाजाला डिझेल लागतं.

काळजी मात्र मला उथळ पाण्याची जास्त वाटते. खोली वीस मीटर, तर पट्टाही अरुंद. तेवढाच भाग मोजायला फेऱ्या कितीतरी पट. त्यात मच्छीमारांची जाळी सांभाळायची. पावसाळ्यात समुद्र खवळलेला, नद्यांचं गोडं पाणी वर तरंगणारं, म्हणजे ध्वनिवेग पुन्हा बदललेला. खाडीच्या तोंडाशी तर गाळ दरवर्षी सरकतो. तिथला नकाशा एकदा करून भागत नाही, पावसाळा सरला की पुन्हा जहाज न्यावं लागतं.