नसबंदीनंतर दिवस गेले, तर?

पुरुषाची बिनटाका नसबंदी पंधरा-वीस मिनिटांत आटोपते. भूल तेवढ्या जागेपुरती दिली जाते आणि माणूस त्याच दिवशी चालत घरी जातो. मग दोन महिन्यांनी, किंवा दोन वर्षांनी, बायकोला दिवस जातात आणि घरातली प्रत्येक नजर तिच्याकडे वळते. काही सासरी तिचं बोलणंही कुणी ऐकून घेत नाही. म्हणून नांदेड-लातूरच्या प्रत्येक घराला हे ठाऊक हवं: नसबंदीनंतर त्याच नवऱ्यापासून गर्भ राहू शकतो, आणि त्याची कारणं शरीरशास्त्रात आहेत.

शुक्रजंतू अंडकोषात तयार होतात आणि दोन शुक्रवाहिन्यांमधून पुढे जातात. शस्त्रक्रियेत या दोन्ही नळ्या कापून बांधतात. पण कापलेल्या जागेच्या पुढे जे शुक्रजंतू आधीच पोचलेले असतात, ते तिथेच राहतात. शेतातली मोटार बंद केली तरी पाईपलाईनमधलं पाणी थोडा वेळ येत राहतं, तसंच हे. ते निघून जायला साधारण तीन महिने लागतात. म्हणून शासनाच्या सूचनेप्रमाणे तीन महिने निरोध वापरायचा, त्यानंतर वीर्यतपासणी करायची आणि शुक्रजंतू नाहीत असा अहवाल आल्यावरच नसबंदीचं प्रमाणपत्र घ्यायचं. नसबंदी फसली असं आपण म्हणतो, त्यातल्या अनेक घटना या तीन महिन्यांतल्या असतात.

दुसरं कारण दुर्मीळ आहे. बांधलेल्या टोकांमध्ये सूक्ष्म वाट तयार होऊन नळी पुन्हा जुळते. अहवाल निर्दोष आल्यानंतरही सुमारे दोन हजारांत एका पुरुषाच्या बाबतीत पुढे गर्भ राहू शकतो. १९९४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधल्या अशा काही पुरुषांची नोंद आली. त्यांच्या वीर्यात शुक्रजंतू दिसत नव्हते, तरी बाळाचे वडील तेच असल्याचं डीएनए चाचणीने सिद्ध झालं. तेव्हा दिवस गेले की पहिली तपासणी नवऱ्याच्या वीर्याची व्हावी, आणि तिच्यात काही सापडलं नाही तरी तेवढ्यावरून बाईवर आळ घेऊ नये.

आपल्याकडे हे ज्ञान घरोघर पोचलं नाही, कारण नसबंदीच पुरुषांपासून दूर गेली. १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून जास्त शस्त्रक्रिया झाल्या, त्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश पुरुषांच्या होत्या. नांदेडचे शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, १९७६ साली, तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक महाराष्ट्र विधिमंडळाने मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही, पण आणीबाणीतल्या सक्तीची धास्ती मनात बसली ती बसलीच. पुढे ऑपरेशन बायकांच्याच वाट्याला आलं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या सुमारे ४९ टक्के विवाहित स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली आढळली. पुरुषांचं प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी होतं. पुरुषाची शस्त्रक्रिया जास्त सोपी आणि कमी जोखमीची असूनही हे चित्र आहे.

नसबंदीनंतर मूल हवंसं होण्याची वेळही येते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसं भूकंपात गेली. ज्यांनी लेकरं गमावली आणि ज्यांचं ऑपरेशन आधीच झालेलं होतं, त्या आईबापांचं दुःख दुहेरी होतं. पुरुषाच्या बाबतीत कापलेली नळी सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा जोडता येते. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात, नसबंदीला तीन वर्षांहून कमी काळ झालेल्या पुरुषांच्या पत्नींपैकी ७६ टक्के गर्भवती राहिल्या. पंधरा वर्षं किंवा अधिक काळ लोटलेल्यांत हे प्रमाण ३० टक्के होतं. नळी जोडणं शक्य नसेल तर अंडकोषातून शुक्रजंतू काढून प्रयोगशाळेत गर्भधारणा घडवता येते, पण तिचा खर्च मोठा असतो. म्हणून नसबंदी कायमची समजूनच करावी.

नको असताना दिवस गेले तर कायदा पाठीशी आहे. गर्भनिरोधक साधन फसलं, हे गर्भपातासाठी मान्य कारण आहे, आणि २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. शासकीय योजनेत शस्त्रक्रिया फसल्यास भरपाईही मिळते. २०१३ च्या योजनेत ती ३० हजार रुपये होती. गर्भ राहिल्याचं कळल्यापासून ९० दिवसांत अर्ज करावा लागतो, म्हणून संमतिपत्र, केसपेपर आणि तपासणीचे अहवाल जपून ठेवावेत.

एक गोष्ट आपल्या भागाला खास लागू पडते. कंधार, लोहा, मुखेडकडची कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. जाण्याच्या तोंडावर नसबंदी झाली, तर तपासणीची तारीख फडावर असताना येते आणि निघून जाते. अशा वेळी परतेपर्यंत निरोध चालू ठेवावा आणि गावी आल्याबरोबर तपासणी करावी. आशाताईंनी शस्त्रक्रियेच्या दिवशीच ही तारीख नवरा-बायको दोघांनाही लिहून द्यावी. हा अहवाल हाती येत नाही तोवर नसबंदी पूर्ण झाली असं कुणीच धरू नये, आणि त्या काळात दिवस गेले तर जाब बाईला विचारू नये.