प्लीज, तेवढं सबस्क्राइब कर ना!

‘लाईक करा, शेअर करा आणि बेल आयकॉन दाबायला विसरू नका!’ हे वाक्य आपल्याला आता पाढ्यांसारखं पाठ झालंय. पण खरी गंमत व्हिडीओच्या बाहेर. ऑफिसचा ग्रुप, शाळेचा ग्रुप, अगदी सोसायटीत पाणी येणार नसल्याच्या मेसेजखालीसुद्धा लिंक येऊन पडते... ‘फ्रेंड्स, सपोर्ट हवाय!’

तशी ही हौस जुनीच. २००५ मध्ये अभिजित सावंत पहिला ‘इंडियन आयडॉल’ झाला, तो लोकांच्या एसएमएसवर. २००७ मध्ये ताजमहालाला नव्या सात आश्चर्यांत बसवायला देशभर मतं मागितली गेली. आणि ऑर्कुटवरची टेस्टिमोनियल्स? ‘तू माझं लिही, मी तुझं लिहिते’ असा रोखठोक मामला! ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झालं, मामला चालूच आहे.

माझा मामेभाऊ सोनारीत राहतो. धाराशिव जिल्हा, परंडा तालुका. काळभैरवनाथाचं गाव आणि तितकंच माकडांचंही. त्याच्या चॅनलवर दोघंही आहेत. (व्ह्यूज माकडांना जास्त!) आयटीआय झालाय, पण पुण्याला कंपनीत जायचं नाही म्हणतो. त्यासाठी चॅनलचे पैसे सुरू व्हायला हवेत. परवा फोन आला, “ताई, तुझ्या हापिसात दोनशे माणसं हायेत की! तेवढं सबस्क्राइब करायला सांग.”

आता हिशेब बघा. जाहिरातींच्या पैशात वाटा मिळवायचा तर यूट्यूबला हजार सबस्क्रायबर्स लागतात, शिवाय बारा महिन्यांत ४,००० तास पाहिलं गेलेलं असावं लागतं. (शॉर्ट्सवाल्यांसाठी दुसरा रस्ता : ९० दिवसांत एक कोटी व्ह्यूज.) म्हणजे त्या हजारांतल्या प्रत्येकाने वर्षात सरासरी चार तास त्याचे व्हिडीओ बघायचे. माझ्या शब्दाखातर बटण दाबणारा अकाउंट्समधला माणूस चार तास माकडं बघेल? दहा सेकंदांत बाहेर! आणि ‘तू मला, मी तुला’ अशी सबस्क्रिप्शनची अदलाबदल तर यूट्यूबच्या नियमांतच बसत नाही.

गावातल्या पाव्हण्यारावळ्यांनी त्याला आहेर केल्यासारखं सबस्क्राइब केलंय. वहीत नाव लागलं, विषय संपला. आहेर निदान पाकिटातून खर्चाला तरी येतो, बॉस!

दोनशे जणांना मी लिंक पाठवली नाही. चैत्रातल्या यात्रेचा एकच व्हिडीओ निवडला आणि ऑफिसातल्या तिघांना दिला. एक परंड्याचा, दोघी बार्शीच्या. तिघांनाही यंदा रजा मिळाली नव्हती. ‘लाईक कर’ म्हटलं नाही, ‘बघ’ म्हटलं. बार्शीच्या एकीने पूर्ण बघितला आणि वैतागून विचारलं, “मिरवणूक मध्येच का कापलीय?”

तो मेसेज मी तसाच पुढे पाठवला. पाच मिनिटांत उत्तर आलं, “कोन हाय ही? पुढच्या साली अख्खी टाकतो म्हणावं.”