प्रशिक्षण गुरुजींचे, फायदा मुलांचा

आपल्या राज्यातल्या शिक्षकाला आज प्रशिक्षणाची कमतरता नाही. उलट ‘पुन्हा प्रशिक्षण?’ हाच प्रश्न शिक्षकांच्या खोलीत जास्त ऐकू येतो. 5 सप्टेंबर 2017 रोजी केंद्र सरकारने ‘दीक्षा’ हे डिजिटल व्यासपीठ सुरू केले. 21 ऑगस्ट 2019 रोजी ‘निष्ठा’ हा कार्यक्रम आला आणि देशभरातल्या सुमारे 42 लाख शिक्षकांना प्रशिक्षण देण्याचे उद्दिष्ट ठरले. कोरोनाच्या काळात तेच प्रशिक्षण मोबाइलवर आले. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान 50 तास व्यावसायिक प्रशिक्षण घ्यावे, असे सांगितले. प्रमाणपत्रांची फाइल जाड झाली. पण आपल्या घरातल्या मुलाला याचा काय फायदा झाला, हे आईवडिलांनी विचारायला हवे.

राज्यभराचे प्रशिक्षण साधारण कसे चालते, ते आधी पाहू. पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेत काही तज्ज्ञ तयार होतात. ते जिल्ह्याच्या सुलभकांना शिकवतात, जिल्हा तालुक्याला शिकवतो, तालुका केंद्राला आणि केंद्र शाळेला. माठातले पाणी एका वाटीतून दुसऱ्या वाटीत, दुसरीतून तिसरीत ओतावे, तसा हा प्रकार आहे. शेवटच्या वाटीत किती उरले, हे कोणी मोजत नाही. वर चार दिवस शिकवलेली गोष्ट खाली येईपर्यंत दोन तासांच्या भाषणात आटोपते. शिक्षक सही करतो, फोटो निघतो, चहा होतो. संगणकाला हात मात्र एकाचाच लागतो, तो म्हणजे प्रशिक्षण देणाऱ्याचा.

उर्दू शाळांच्या वाट्याला या साखळीत आणखी एक कडी येते. प्रशिक्षणाच्या स्लाइड बहुतेक मराठीत, बटणांवरची नावे इंग्रजीत आणि सोमवारी शिकवायचे उर्दूत. हे भाषांतर कोणी करून देत नाही, आपा किंवा सर मनातल्या मनात करतात. मी स्वतः दोन्ही भाषा शिकवते, त्यामुळे माझे निभावते. पण नुकत्याच लागलेल्या, मराठीत फारशा न रुळलेल्या शिक्षिकेला निम्मे प्रशिक्षण वरून जाते. विचारायला तिला संकोच वाटतो.

यापेक्षाही बारीक अडचणी आहेत आणि त्या कुठल्याच स्लाइडवर नसतात. आपल्याकडे अनेक शिक्षक प्रश्नपत्रिका आणि सरावपत्रिका वर्षानुवर्षे ‘इनपेज’मध्ये करत आले. जुन्या इनपेजमधला मजकूर तसाच उचलून व्हॉट्सॲपवर टाकला तर मुलाच्या फोनवर उर्दू न दिसता अगम्य चिन्हे उमटतात. मग फोटो काढून पाठवायचा. फोटोतला शब्द मुलाला शोधता येत नाही आणि त्यात चूक सापडली तर सगळे पुन्हा करायचे. हाच मजकूर युनिकोडमध्ये टंकला तर कुठल्याही फोनवर वाचता येतो. फोनमध्ये उर्दू कीबोर्ड सुरू करायला पाच मिनिटे लागतात. ही पाच मिनिटे प्रशिक्षणात मिळाली तर शिक्षकाचे वर्षभराचे तास वाचतील.

दुसरी अडचण अक्षरांची. पुस्तकात मूल नस्तालीक वळणाची अक्षरे वाचते. पुष्कळ फोनवर मात्र उर्दू नस्ख वळणात दिसते, म्हणजे अरबी छापील अक्षरांसारखी. दुसरी-तिसरीतले मूल तिथे अडखळते आणि घरच्यांना वाटते, याला वाचताच येत नाही. नस्तालीकचा फॉन्ट मोफत मिळतो. धडा तयार करताना तो वापरून पीडीएफ केली की प्रश्न मिटतो.

तिसरी अडचण गणिताची आहे. उर्दू उजवीकडून डावीकडे चालते, गणित डावीकडून उजवीकडे. उर्दू वाक्याच्या मधोमध 7 - 3 असे टंकले की पडद्यावर ते 3 - 7 असे उलटे दिसू शकते. शिक्षिकेने बरोबर टंकलेले असते, पण मूल उत्तर चुकवते. उपाय सोपा आहे : उदाहरण वेगळ्या ओळीवर लिहायचे आणि त्या ओळीची दिशा डावीकडून उजवीकडे ठेवायची. मराठी शाळेसाठी बनलेल्या प्रशिक्षणात ही गोष्ट येणार तरी कशी?

हे वेगळ्या पद्धतीने करता येते, याचे उदाहरण केरळ आहे. तिथे 2001 मध्ये ‘आयटी ॲट स्कूल’ हा प्रकल्प सुरू झाला आणि 2017 मध्ये त्याचेच ‘काइट’ या सरकारी कंपनीत रूपांतर झाले. तिथले मुख्य प्रशिक्षक शाळांमधून आलेले शिक्षकच असतात. शाळेत एका शिक्षकावर तंत्रज्ञानाच्या समन्वयाची जबाबदारी असते. प्रशिक्षण संपल्यावर अडलेल्याला विचारायला शेजारच्या वर्गातच माणूस असतो. शाळांसाठी मोफत, मुक्त सॉफ्टवेअर निवडले गेले आणि त्यात मल्याळम आणली गेली. 2018 पासून ‘लिटल काइट्स’ या मंडळांत विद्यार्थीही शाळेतल्या यंत्रांची देखभाल शिकू लागले.

आपल्याकडेही कल्पक शिक्षक कमी नाहीत. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. 2020 मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. 10 लाख डॉलरच्या रकमेतला निम्मा वाटा त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना द्यायचे जाहीर केले. त्यांची कल्पना एका छोट्या गावातल्या वर्गात सुचली आणि तिथेच वापरून पाहिली गेली. पटावर मुले असलेला शिक्षक दुसऱ्या शिक्षकाला शिकवतो तेव्हा ते लवकर पटते.

बालभारती आठ माध्यमांत पुस्तके काढते, त्यात उर्दूही आहे. पुस्तक उर्दूत मिळते, तर ते साधनांच्या मदतीने कसे शिकवायचे याचे प्रशिक्षणही उर्दूत मिळावे, ही मागणी अवाजवी नाही. जिल्ह्यातून चार-पाच जाणकार उर्दू शिक्षक निवडावेत, त्यांना वेळ द्यावा आणि महिन्याच्या शिक्षण परिषदेत एकच कौशल्य प्रत्येकाच्या हातून करून घ्यावे. पुढच्या महिन्यात त्याचा वर्गात काय उपयोग झाला, एवढेच विचारावे.

यात घरच्यांचेही काम आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य महिला असतात. म्हणजे या समितीत आपल्या अम्मी, खाला, भाभी यांची जागा कायद्याने ठेवलेली आहे. पुढच्या बैठकीला जा. शाळेतला प्रोजेक्टर चालू आहे का, किल्ली कोणाकडे आहे, शिक्षकांना प्रशिक्षण कुठल्या भाषेत मिळाले, आणि घरात एकच फोन असलेल्या, तोही दिवसभर अब्बांच्या खिशात असलेल्या मुलीसाठी शाळेने काय सोय केली, हे प्रश्न अदबीने पण स्पष्ट विचारा. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. लिहिलेल्या गोष्टीचा पुढच्या बैठकीत पाठपुरावा करता येतो.